चीनला पहिल्यांदा जाताना: बाबांसोबत बीजिंग, शिजियाझुआंग, शीआन आणि लोयांग

भुईकोट

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये सतरा दिवस चीनला जाऊन आले. सोबत बाबा होते, वय ७१, सोलापुरात शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. निघण्याआधी मी बरीच शोधाशोध केली, पण मराठीत फारसं काही हाताला लागलं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. कुणी बेत आखत असेल तर उपयोग होईल, आणि जाऊन आलेल्यांनी भर घालावी.

आमच्या प्रवासाची सुरुवात शहरांच्या यादीतून झाली नाही. बाबांना दोनच गोष्टी बघायच्या होत्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी, आणि ह्युएन त्सांग ज्या गावाहून निघाला आणि जिथे परत आला ते गाव. बाकीचं सगळं या दोन टोकांभोवती बसवलं. आता मागे वळून बघताना वाटतं, तेच बरं झालं. चीन इतका अफाट आहे की आपलं काहीतरी नातं धरून गेलं नाही, तर उंच इमारती आणि रोषणाई बघूनच माणूस परत येतो.

कोटणीस मूळचे आमच्या सोलापूरचे, जन्म १९१०. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, बाबा दरवर्षी वर्गाला घेऊन जायचे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. जपानशी युद्ध चाललेलं. ते तिथेच राहिले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. मुलाचं नाव ठेवलं होतं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

समाधी शिजियाझुआंगला आहे, हुतात्म्यांच्या मोठ्या बागेत. बीजिंगहून २८० किलोमीटरच्या आसपास, वेगवान रेल्वेने सव्वा-दीड तास. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आम्ही छिंगमिंगच्या आदल्या दिवशी गेलो. छिंगमिंग म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला येणारा पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायचा दिवस, आपल्या पितृपक्षाच्या जवळ जाणारा. फाटकाबाहेर बाई फुलं विकत होती. बाबांनी बोटाने दाखवलं, तिने पिवळी शेवंती कागदात गुंडाळून दिली. आपल्याकडे देवाला, गणपतीला वाहतो तीच शेवंती. तिथे ती मृतांसाठी असते, त्यामुळे कुणाच्या घरी जाताना कधी नेऊ नका.

आत उंच झाडं, आणि कोटणीसांचा पांढरा पुतळा. पायाशी आधीच खूप फुलं पडलेली. गळ्याला लाल रुमाल बांधलेली शाळेतली मुलं रांगेत उभी होती आणि बाई काहीतरी सांगत होत्या. मला त्यातलं एकच कळलं, ‘क दीहुआ’, म्हणजे कोटणीसांचं चिनी नाव. बाबांनी चप्पल काढली, शेवंती ठेवली, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, बाबांकडे बोट करून म्हणाले, “यिन्दू?” म्हणजे भारत का? बाबांनी मान हलवली. मी फोनवरच्या भाषांतरात लिहिलं, ‘आम्ही त्यांच्या गावचे आहोत’. त्यांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. पुढची दहा मिनिटं दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. मी भाषांतर थांबवलं. गरजच नव्हती.

आता शीआन. एकच शहर बघायचं असेल तर हेच बघा असं मी म्हणेन. जुन्या गावाभोवतीचा तट मिंग काळातला, चौदाव्या शतकात बांधलेला, जवळजवळ १४ किलोमीटरचा आणि १२ मीटर उंच. वर सायकली भाड्याने मिळतात. बाबा सायकलवर बसले नाहीत, पण दक्षिण दरवाजापासून पुढच्या बुरुजापर्यंत चालले. एका बाजूला कौलारू जुनं गाव, दुसरीकडे काचेचे मनोरे.

मातीचे सैनिक तर सगळ्यांना ठाऊक आहेत. १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा सापडले. छिन शृ हुआंग हा सम्राट इ.स.पू. २१० मध्ये गेला, त्याच्या थडग्याची ही राखण. पहिल्या खड्ड्याच्या कठड्याशी चार-चार माणसांची रांग असते. घाई करू नका, डाव्या बाजूने मागे जा. मागच्या भागात जोडणीचं काम चालतं. तिथे धड आहे पण डोकं नाही असे सैनिक उभे असतात, अंगाला पट्ट्या बांधलेल्या, गळ्यात चिठ्ठ्या. हजारो तुकडे जुळवून एकेक माणूस उभा करतात, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

पण बाबांचा जीव दायान मनोऱ्यात होता. ह्युएन त्सांग (तिकडे श्वानझांग म्हणतात) ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला, आणि ते नीट राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा मनोरा बांधला गेला. आज सात मजली आहे, ६४ मीटर. हाच माणूस आपल्याकडे, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला होता. त्याने महाराष्ट्राला मो-हो-ला-छा असं लिहिलंय. लोक साधे, मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. लढाई हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, त्याला बायकी कपडे पाठवतात. बाबा हे सगळं वर्गात चाळीस वर्षं सांगत आले. मनोऱ्यासमोर त्याचा पुतळा आहे, हातात काठी. बाबा म्हणाले, “हा चालत आला आणि चालत गेला. आपल्याला सांगायला कुणी दुसरं होतंच कुठे?” सातव्या शतकातले आपण कसे होतो, ते आपल्याला एका चिनी भिक्षूच्या टिपणांतून कळतं. मला हे तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट उमगलं.

तिथून लोयांगला गेलो. लाँगमेनच्या लेण्यांत वैरोचन बुद्धाची १७ मीटरची मूर्ती आहे, ६७५ मध्ये पुरी झालेली. अजिंठा पाहिलेल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं होतं. पांढऱ्या घोड्याच्या मंदिराच्या आवारात भारतीय पद्धतीचं एक मंदिर आहे, सांचीच्या स्तुपाच्या धर्तीवर. २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. शिवाय एप्रिलच्या मध्यावर लोयांगला पिओनीचा बहर असतो. अख्खं गाव डोक्यात फुलांची चक्रं घालून फिरतं, आज्ज्यांपासून नातींपर्यंत.

शांघायला शेवटचे तीन दिवस होते. सुंदर आहे, पण त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

एक गोष्ट मनाला लागली तीही सांगते. एका स्टेशनवर तपासणीत बाबांचा अडकित्ता अडकला. आजोबांचा, पितळी, मोराच्या आकाराचा. मोठ्या पेटीत तळाशी होता, पण तिथे रेल्वेतसुद्धा सगळं सामान यंत्रातून जातं आणि धारेच्या वस्तू अडवतात. तपासणारी मुलगी विशीतली असेल. तिने तो उघडला, मिटला, काय आहे ते तिला कळेना. बाबांनी सुपारी कातरायची खूण केली. तिचा चेहरा उजळला, “बिंगलांग!” म्हणाली. हुनान प्रांतात सुपारी चघळतात, तिला माहीत होतं. पण नियम तो नियम. गाडी सुटायला पंधरा मिनिटं होती, टपालाने पाठवायची सोय शोधायला वेळ नव्हता. तिने दोन्ही हातांनी तो डब्यात ठेवला. बाबा पुढचे दोन तास खिडकीबाहेर बघत बसले. घरातली जुनी वस्तू घेऊन जाऊ नका, एवढंच सांगते.

तयारीबद्दल विचारा, सांगेन.

रानवारा

ताई, एका बैठकीत वाचलं. कोटणीसांचं वाचून गलबललं. आता व्यवहाराचं विचारतो. पैसे कसे दिले? आणि व्हॉट्सॲप चालत नाही म्हणतात, मग घरच्यांशी बोलणं कसं?

भुईकोट

पैशांचं: अलीपे आणि वीचॅट. दोन्ही इथूनच डाउनलोड करा, पासपोर्टची माहिती भरा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. २०२३ पासून परदेशी कार्डं जोडता येतात. बँकेला सांगून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या, आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा. माझं एक कार्ड तिसऱ्या दिवशी बंद पडलं, दुसऱ्याने निभावलं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर गेलात तर तीन टक्के लागतात. आम्ही गेलो तेव्हा एक युआन म्हणजे साधारण १२ रुपये होते. भाजीवाल्यापासून देवळाच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर. आपल्याला यूपीआयची सवय असल्याने एका दिवसात हात बसतो. तरी पाचशे-हजार युआन रोख जवळ असू द्या.

नेटचं: तिथलं वायफाय किंवा तिथलं सिम घेतलं तर गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब काही उघडत नाही. भारतातूनच रोमिंग किंवा ई-सिम घेऊन गेलात तर चालतं, कारण ते नेट बाहेरच्या देशातून फिरून येतं. नकाशासाठी गूगलवर विसंबू नका, तिथे रस्ते सरकलेले दिसतात. आमॅप घ्या, आता त्यात इंग्रजी आहे. टॅक्सीसाठी दीदी, ती अलीपेच्या आतच मिळते.

उत्तरायण

एक शंका. एका व्हिडिओत पाहिलं की २४० तास व्हिसाशिवाय राहता येतं. म्हणजे दहा दिवस. आम्हाला आठच दिवस जायचंय, मग व्हिसा कशाला?

कडुनिंब

उत्तरायण, थांबा, तिकीट काढू नका. ती सवलत ठरावीक देशांच्या पासपोर्टना आहे, त्यात भारत नाही. आपल्याला आधी व्हिसा काढावाच लागतो. दरवर्षी कुणीतरी या गैरसमजात विमानतळापर्यंत पोचतो.

मी कापडाच्या आणि बटणांच्या व्यापारासाठी सतरा वर्षं यीवू या घाऊक बाजाराच्या शहरी ये-जा करतोय. इचलकरंजीचा आहे. थोडी भर घालतो.

पहिलं म्हणजे तारखा. १ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय सुट्टी, जानेवारी-फेब्रुवारीत वसंतोत्सव, आणि १ मेच्या आसपासचे दिवस. या काळात जाऊ नका. आपल्या आषाढी वारीची गर्दी देशभर एकाच वेळी, असं समजा. रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, हॉटेलं दुप्पट होतात.

दुसरं म्हणजे हॉटेल. नोंदणी करताना परदेशी पाहुणे घेतात का ते बघा. हॉटेल तुमची पोलिसांकडे नोंद आपोआप करतं. ओळखीच्या घरी उतरलात तर २४ तासांच्या आत ती तुम्हालाच करावी लागते.

तिसरं जरा भांडणाचं. शांघायला तीन दिवस देऊन एका ओळीत उरकलंत ताई, हे काही पटलं नाही. रविवारी दुपारी जनता उद्यानात जायचं. आईबाप मुलामुलींच्या लग्नाची माहिती कागदावर लिहून उघड्या छत्र्यांना टाचून बसलेले असतात. जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या गावचा वधू-वर मेळावा डोळ्यांपुढे आला. तिथे तास-दोन तास उभं राहिलं की या समाजाच्या काळज्या कळतात. त्यासाठी शांघायच पाहिजे.

भुईकोट

कडुनिंब, मान्य. आम्ही गेलो तेव्हा मधला वार होता, ते हुकलं. छत्र्यांचं वाचून हळहळ वाटतेय.

मधुमालती

माझ्या मनातला प्रश्न कुणीच विचारला नाही. आई माळकरी आहे, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात खात नाही. तिला घेऊन जायचं धाडस करू का? बाबांचं जेवणाचं कसं केलंत?

भुईकोट

मधुमालती, बाबाही शाकाहारीच आहेत, अंडं खात नाहीत. अडचण आली, पण उपाशी राहिलो नाही.

मुख्य गोंधळ असा की ‘मांस नको’ म्हटलं तर ते मटणाचे तुकडे काढून देतात. रस्सा तोच, तेल डुकराच्या चरबीचं. टोफूच्या भाजीत खिमा असतोच असतो. म्हणून ‘वो छृ सू’ म्हणायचं. सू म्हणजे शाकाहार, बौद्ध भिक्षूंचं जेवण. हा शब्द ऐकला की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं की हे धर्माचं आहे, आणि मग ते मनापासून सांभाळून घेतात. मी चिनीत चिठ्ठी छापून नेली होती: मांस, मासे, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा नको. शीआनमध्ये एका खानावळवालीने ती चिठ्ठी स्वयंपाकघरात नेली, आतून आचारी बाहेर आला, बाबांना नमस्कार केला, आणि वेगळी कढई धुवून घेतली.

तुमच्या आईसाठी आनंदाची गोष्ट सांगते. चिनी बौद्ध शाकाहारात कांदा, लसूण, कांद्याची पात हे सगळं वर्ज्य असतं. अगदी चातुर्मासासारखं, तेही बारा महिने. मोठ्या शहरांत देवळांच्या आसपास अशी सू-खाणावळ मिळते, नकाशात शोधता येते. तिथे निर्धास्त जेवा.

इतर ठिकाणी चालणारे पदार्थ: बटाट्याचा बारीक कीस व्हिनेगर-मिरचीत परतलेला (आपल्या उपासाच्या किसाचा भाऊ, पण करकरीत), वांगं-बटाटा-ढोबळी मिरचीची ‘दी सान श्येन’, नुसत्या पालेभाज्या, आणि शीआनची ‘ल्यांगफी’, थंड रुंद शेवया, वर मिरचीचं तेल. बाबांनी चार वेळा मागवली. मात्र या ठिकाणी लसूण असतो, आईंसाठी आधी सांगा.

आणि आमचा खरा आधार म्हणजे सोलापूरची शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. तिकडे ‘मान्थोऊ’ मिळतो, वाफेवर उकडलेला पांढरा गोळा, बिनमिठाचा. तो गरम फोडायचा आणि आत चटणी भरायची. हॉटेलच्या न्याहारीला शेजारच्या टेबलवरच्या आजीबाई बघत होत्या. बाबांनी त्यांना चमचाभर दिली. दुसऱ्या दिवशी त्या आपली रिकामी वाटी घेऊन आल्या.

तूप, पनीर, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं मात्र नेऊ नका, बंदी आहे.

तिरफळ

माझं नाव वाचून कळलंच असेल, वेंगुर्ल्याचा. ताईंच्या मार्गात सिचुआन प्रांतातलं छंगदू राहिलं, ते मी सांगतो.

छंगदूला पहिला घास घेतला आणि जीभ थरथरली, मग बधिर झाली. बायको घाबरली. मी मात्र ताटातून तो तपकिरी फुटलेला दाणा उचलून हुंगला, आणि थेट आईच्या बांगड्याच्या आमटीत पोचलो. त्याला तिकडे हुआज्याओ म्हणतात. आपलं तिरफळ आणि हुआज्याओ एकाच कुळातले. आपलं मोठं, जास्त लाकडी वासाचं. त्यांचं बारीक, लिंबासारख्या वासाचं आणि बधिर करणारं. आपण बी काढून टाकतो, तेही काढतात. बाजारात विकणाऱ्या बाईला फोनमध्ये तिरफळाच्या झाडाचा फोटो दाखवला, तिने शेजारच्या तिघींना बोलावलं.

छंगदूला पांडा बघायला जाणार असाल तर फाटक उघडायच्या वेळेला हजर राहा. सकाळी ते बांबू खातात, उन्हं चढली की झोपतात. पण माझा सल्ला आहे की एक अख्खी दुपार तिथल्याही जनता उद्यानात, चहाच्या बागेत काढा. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचा पेला, एकदा पैसे दिले की गरम पाणी येतच राहतं. म्हातारी माणसं पत्ते खेळतात, कान साफ करणारे चिमटे वाजवत फिरतात. आपण ‘चहा’ म्हणतो तो शब्द त्यांच्याच ‘छा’वरून आलेला, हे तिथे बसून ऐकताना गंमत वाटते.

एक सावधगिरी. चीनमधल्या चीनमध्ये विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक बघून घ्या. जून २०२५ पासून ३सी छाप (चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची खूण) नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत. माझी नवीकोरी तिथेच ठेवावी लागली, आणि पुढचा दिवसभर फोनची बॅटरी वाचवत फिरलो. तिथे फोन बंद म्हणजे पैसे बंद, नकाशा बंद, भाषा बंद. रस्त्यात पॉवर बँका भाड्याने मिळतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

चंद्रकोर

नानजिंगला पाच वर्षं वैद्यकीय शिक्षणासाठी होते. भाषेचं सांगते.

फोन भाषांतर करतो, पण दहा शब्द तोंडी असू द्या. नी हाओ, श्ये श्ये (धन्यवाद), त्वो शाव छ्येन (किती पैसे), त्स्सअ स्वो त्साय नाऽर (शौचालय कुठे), पू लाऽ (तिखट नको). उच्चार चुकला तरी हसून पुन्हा विचारतात. माझ्या वसतिगृहाच्या मावशीने मला ‘मा’ शब्द चार सुरांत म्हणायला शिकवला. सपाट म्हटला तर आई, खाली जाऊन वर आला तर घोडा. मी आठवडाभर आईला घोडा म्हणत होते, त्या रोज जिन्यात थांबून दुरुस्त करायच्या.

बाजारात आकडे एका हाताने दाखवतात. पाचपर्यंत आपल्यासारखेच, पुढे वेगळे. अंगठा आणि करंगळी पसरली की सहा. अंगठा आणि तर्जनी ताणली की आठ. मी पहिल्यांदा आठाची खूण दोन समजले आणि दोन युआन देऊन निघाले, भाजीवाली मागे धावत आली. जाण्याआधी ह्या खुणा पाठ करा.

आणि गरम पाणी! रेल्वेच्या डब्यात, स्टेशनात, दवाखान्यात, वसतिगृहात, सगळीकडे उकळत्या पाण्याचा नळ असतो. पोट दुखतंय, गरम पाणी प्या. परीक्षा आहे, गरम पाणी प्या. माणूस रडत असला तरी आधी गरम पाणी पुढे येतं. तिथे कुणाची काळजी करायची ती अशी. स्टीलची थर्मास बाटली नक्की घ्या.

भुईकोट

चंद्रकोर, अगदी! बाबांना सगळ्यात आवडलेली सोय हीच. बीजिंग ते शीआन गाडीत त्यांनी तीन वेळा नळावर जाऊन आपला चहा केला. तिसऱ्या खेपेला रांगेतल्या एका काकांनी बाबांच्या बाटलीत आपल्या डब्यातली पानं टाकली, न विचारता.

रानवारा

माझ्या आईचे गुडघे दुखतात. चीनची मोठी भिंत आणि बीजिंगचा जुना राजवाडा जमेल का?

भुईकोट

जमेल, पण क्रम नीट लावा.

भिंतीसाठी मूथ्यान्यू निवडा, बादालिंग नको, तिथे फार गर्दी. मूथ्यान्यूला रोपवेचा पाळणा थेट १४ व्या बुरुजावर सोडतो. वर पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची गुडघाभर. बाबा दोन बुरुज चालले आणि बसले. बसून दिसतं ते पुरेसं आहे, डोंगराच्या कण्यावरून भिंत लांबपर्यंत जाते. आम्ही गेलो तेव्हा उतारावर जर्दाळू फुललेले होते.

राजवाडा सोमवारी बंद असतो. तिकीट पासपोर्टवर, सात दिवस आधी खुलं होतं आणि लवकर संपतं, तारीख धरून बसा. दक्षिणेकडून आत, उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून बाहेर, आलो त्या दरवाजाने परत जाता येत नाही. चालणं बरंच आहे आणि दरवाजांचे उंबरे उंच. गुडघ्यांसाठी भिंत आणि राजवाडा लागोपाठच्या दिवशी ठेवू नका. मधल्या दिवशी सकाळी स्वर्गमंदिराच्या बागेत जा. सत्तरीचे लोक पिसांचा चेंडू पायाने उडवत असतात, गातात, नाचतात. तुमच्या आईंना कुणीतरी ओढून घेऊन जाईलच.

शौचालयं बहुतेक ठिकाणी आपल्यासारखी उकिडवं बसायची, पण पाणी नसतं आणि कागदही नसतो. दोन्ही जवळ ठेवा.

उत्तरायण

व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. कडुनिंब, वाचवलंत. रेल्वेची तिकिटं इथूनच काढावीत का?

कडुनिंब

हो. साधारण दोन आठवडे आधी खुली होतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आडनावाची जागा चुकवू नका. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकांवर आपला पासपोर्ट बहुधा चालत नाही, कडेला माणूस उभा असतो त्याच्याकडे जायचं. तासभर आधी पोचा. स्टेशनं विमानतळाएवढी आहेत, आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं.

सातपुडा

मी नागपूरचा. कोटणीसांच्या पथकात आमच्या गावचे डॉ. चोळकरही होते. ताई, बाबांना विचाराल का, तिथे पाचही डॉक्टरांचा उल्लेख आहे का? पुढच्या वर्षी आजोबांना न्यायचा विचार आहे.

भुईकोट

बाबा शेजारीच बसलेत, ते सांगतील तसं टाइप करते:

“चोळकर, अटल, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. तिथल्या प्रदर्शनात पथकाचा एकत्र फोटो आहे, पाचही जण कोटात उभे. चोळकर वयाने मोठे होते, ते आधी परतले. खालची नावं चिनीत असल्याने मला कोण कुठला ते फोटोवरूनच ओळखावं लागलं. तुमच्या आजोबांकडे चोळकरांचा जुना फोटो असेल तर सोबत न्या, तिथल्या माणसांना दाखवा. कॅनडाचे डॉ. बेथून यांची समाधीही त्याच बागेत आहे. कोटणीसांनी त्यांच्याच नावाचं रुग्णालय चालवलं होतं, म्हणून दोन्हीकडे जा. फुलं बाहेर मिळतात. पिवळी शेवंती घ्या.”

मधुमालती

आईला सगळा धागा वाचून दाखवला. बौद्ध जेवणात कांदा-लसूण नसतो हे ऐकल्यावर ती म्हणाली, मग पासपोर्ट काढ. शेंगांची चटणी दोघींना दोन आठवड्यांसाठी किती घेऊ? आणि वास मारत नाही ना पेटीत?

भुईकोट

अर्धा किलो पुरत नाही, पाऊण घ्या, वाटण्यातच बरीच जाते. भाजून कोरडी कुटलेली घ्या, तेल सुटलेली नको. दोन पिशव्या एकात एक, आणि वरून सुती फडकं. आणि चमचा लाकडी ठेवा, तपासणीत कुणी काही विचारत नाही.